जुन्या गाडीवाटेवरची बोट

“आबा, आधी ती कोंबडी उठवा तिथून,” मी म्हणालो.

“उठवत न्हाय,” आबा म्हणाले. “बारा दिस झालं बसून. अजून नऊ हायत. तवर बाकीचं काम करू. सीटकडं जायचं न्हाय.”

कोंबडी अंडी उबवत बसली होती ती ड्रायव्हरच्या सीटवर. सीट होती एका जेट बोटीची. आणि बोट होती आमच्या घराच्या अंगणात, पाण्यापासून अर्धा तास चालीवर, चार दगडांवर टेकवलेली. खांद्यावरची बॅग खाली न ठेवता मी ते सगळं बघत उभा राहिलो. मोठ्या मिनतवारीने महिन्याची रजा काढून आलो होतो, आणि त्यातले नऊ दिवस पहिल्याच मिनिटाला एका कोंबडीने खाल्ले.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची, एप्रिलातली. आमचं गाव करंबमुरा. कोयना धरणाच्या पाण्याचा एक फाटा डोंगरात लांबवर घुसलाय, त्याच्या टोकाला तीस उंबऱ्यांचं. रस्ता तेव्हा नव्हताच. एसटी, दवाखाना, बाजार सगळं पलीकडच्या काठाला, आणि जायचं-यायचं ते लाँचने. दिवाळीला पाणी अगदी आमच्या परसाला लागतं. पण मे महिन्यात ते इतकं मागे सरतं की लाँच दीड किलोमीटर लांबच थांबते. मधल्या पट्ट्यात उरतं कुठे वीतभर, कुठे गुडघाभर पाणी, खाली मांडीभर चिखल, आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे.

आदल्या मे महिन्यात आबांच्या छातीत दुखायला लागलं. गावातल्या चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून त्यांना त्या चिखलातून लाँचपर्यंत नेलं. दोन तास लागले. मी नवी मुंबईहून धावतपळत पोचलो तेव्हा आबा दवाखान्यातल्या खाटेवर बसून चहा पीत होते. ते चौघे मात्र बाहेर भिंतीला टेकून झोपले होते, छातीपर्यंत चिखलाने माखलेले. आबांना बघून नाही, त्या चौघांना बघून मी घाबरलो. पुन्हा असं झालं तर काय, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जाईना.

मी महापालिकेच्या बसवर ड्रायव्हर. कोपरखैरण्याला दोन खोल्यांचा फ्लॅट. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. आबांना म्हणालो, बास झालं गाव, आता आमच्याकडे राहायचं. दवाखान्यातून त्यांना थेट घरी घेऊन गेलो. पंधरा दिवस राहिले. चाळीस वर्षं मशीद बंदरला माथाडीचं काम केलेला, दिवसभर हातगाडी ओढलेला माणूस खिडकीजवळ खुर्ची टाकून बसायचा. चौथ्या दिवसापासून माझ्या बायकोला, मंदाला, विचारायला लागले, दळण आणायचंय का? दळण काही रोज नसतं. सोळाव्या दिवशी उठले आणि गावाला निघून गेले. मंदा म्हणाली, मामांना असं बसलेलं बघवत नाही, आणि तिकडे पाठवायचंही धाडस होत नाही. माझं तरी दुसरं काय होतं?

मग दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, की बोट आणलीय.

पलीकडच्या काठाला पर्यटकांसाठी एक बोट क्लब निघाला होता, तो बंद पडला. त्यांची ही जेट बोट तीन वर्षं करवंदीच्या जाळीत पडून होती. मालक म्हणाला, घेऊन जा, जागा मोकळी होईल. आमचा लाँचवाला ज्ञानू शेलार याने पाणी भरलेलं असतानाच ती लाँचमागे बांधून परसापर्यंत आणून टाकली. आबांनी फोनवर मला समजावलं, की लाँचचा पंखा बाहेर असतो, चिखलात अडकतो. हिला बाहेर पंखाच नाही. विहिरीवरचा पंप आडवा करून पोटात बसवलाय असं समज. बुडाच्या जाळीतून पाणी ओढते आणि मागच्या तोटीतून जोरात फेकते, त्या धक्क्याने पळते. तोटी वळली की बोट वळली. उभी राहायला गुडघाभर पाणी लागतं, पण पळायला लागली की वर उचलते, मग वीतभर पुरतं.

“सर्जा, करार करू,” ते म्हणाले. “मे महिन्यात, पानी पार खाली असताना, ही बोट आपल्या काठापासनं पल्याडच्या धक्क्याला गेली तर मी हितं ऱ्हातो. न्हाय गेली तर तुझ्यासंगं एसटीत बसतो. मागं वळून बघायचो न्हाय.”

मी हो म्हणालो. आता इतक्या वर्षांनी कबूल करायला काय हरकत आहे, रजेवर येतानाच मी वीस मेच्या दुपारच्या गाडीची दोन रिझर्व्हेशन करून आणली होती. तिकिटं बॅगेच्या आतल्या कप्प्यात होती. बोट चालणार नाही याची मला तेवढी खात्री होती.

कामाला लागलो. बोटीची अवस्था बघून कुणालाही रडू आलं असतं. वायरी उंदरांनी कुरतडलेल्या. मागच्या तोटीत गांधीलमाश्यांचं घर. फायबरच्या तळाला मी पाय दिला तर आतलं प्लायवूड कुजलेलं, पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. इंजिन जाम. त्याचे प्लग काढून आत डिझेल ओतून ठेवलं आणि रोज सकाळी पान्याने फिरवून बघायचं, असं सुरू झालं. पाच दिवस हललं नाही. सहाव्या दिवशी अर्धा फेरा फिरलं तेव्हा आबांनी आत जाऊन गुळाचा खडा आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

नवव्या दिवशी सात पिल्लं निघाली आणि मला एकदाचं स्टेअरिंग बघायला मिळालं.

पंपाच्या आतल्या पंख्याच्या कडा वाळू-खड्यांनी खाल्ल्या होत्या. नवा मिळणं अशक्य. आबांनी तो मांडीवर घेतला आणि कानशीने घासायला बसले. सकाळी भाकरी खाल्ली की बसायचे ते ऊन अंगणात येईपर्यंत. बोटाने कड चाचपायची, दोनदा घासायचं, परत चाचपायचं. चार दिवस हेच. मी म्हणालो, आबा, छातीला त्रास होईल. ते म्हणाले, गोळी घेतलीया. बघत होतो ना मी, कपाळावर घाम होता, पण श्वास सरळ चालला होता. खिडकीजवळच्या खुर्चीवर मात्र हाच माणूस नुसता बसूनही सुस्कारे टाकायचा.

राग यायचा मला. बोटीचा नाही, माझाच. कारण मला त्या कामात मजा यायला लागली होती. साताऱ्याहून ज्ञानूने रेझीन आणि फायबरची चटई आणली. आम्ही दोघांनी मिळून तळ नव्याने बांधला, त्या उग्र वासाने सगळ्या कोंबड्या दोन दिवस अंगणात फिरकल्या नाहीत. नव्या वायरी मी ओढल्या. पिंपातलं पाणी नळीने फिरवून इंजिन थंड राहील अशी सोय केली, आणि अठ्ठावीस दिवसांनी ते अंगणात सुरू झालं. आख्खं गाव जमलं होतं. मी हसत होतो, आणि मनात मात्र बॅगेतली दोन तिकिटं होती. आता ही चालली तर?

वीस मेला सकाळी बोट पाण्यावर न्यायची होती. नेणार कशी? इथे आबांची हातगाडी उपयोगाला आली. रिटायर होताना लोक मुंबईहून टीव्ही आणतात, कपाट आणतात. आबांनी आपली हातगाडी आणली होती, ट्रकच्या टपावर घालून आणि मग लाँचवर चढवून. गाव तेव्हा पोट धरून हसलं होतं. त्याच गाडीवर बोट चढवली, दोरांनी आवळली, आणि बारा जण लागले. दांडीला आबा स्वतः. मी सांगून बघितलं, ते म्हणाले, “मी वढत न्हाय, नुसती वळवतो.”

उतारावर एक अवघड वळण आहे. तिथे सगळेच थबकले. आता कशी घ्यायची, यावर चर्चा सुरू झाली. दोघे-तिघे तर बोट उतरवून वळवायचं म्हणायला लागले.

“थांबू नका,” आबा म्हणाले. “भरली गाडी उभी ऱ्हायली की वळत न्हाय. चालती ठिवा. मी म्हणंन तवाच रेटा.”

सगळ्यांनी रेटलं, आबांनी दांडीवर एका अंगाने भार दिला, आणि एवढं धूड वळणावरून अलगद फिरलं. मी मागे लोंबकळून ब्रेक लावायच्या बेतात होतो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही हे बरं झालं.

गुडघाभर पाण्यात बोट उतरली तेव्हा नऊ वाजले होते. माझी बॅग बोटीत होती. आबांच्या सीटखाली एक कापडी पिशवी दिसली. मी विचारलं नाही.

इंजिन सुरू होईना. आबांनी तीन-तीनदा चावी फिरवली. ते घरघरायचं आणि बंद पडायचं. मला कारण कळलं होतं. पेट्रोलची तोटी बंद होती, सकाळी मीच बंद केली होती आणि उघडायची विसरलो होतो. सांगतो आता, मी गप्प बसलो. किती वेळ? दोन मिनिटं असतील. त्या दोन मिनिटांत मला दवाखान्याच्या भिंतीला टेकलेले ते चौघे दिसत होते. असंच थोडा वेळ चालू दिलं तर बॅटरी उतरेल, दुपारी एसटी आहे, आणि सगळं आपोआप मिटेल. आबा चौथ्यांदा चावी फिरवायच्या आधी थांबले आणि कपाळ पुसून माझ्याकडे बघून म्हणाले, बघ रं जरा, तुझ्या नजरंला काय येतंय का. इतक्या विश्वासाने म्हणाले की मला लाज वाटली. मी वाकून तोटी उघडली.

चालवायला अर्थातच मी बसलो. वीस वर्षं अपघात नाही, डेपोने सत्कार केलेला माणूस, माझ्याशिवाय बसणार कोण? पुढे ज्ञानू बांबू घेऊन, मध्ये आबा. पायाखाली बससारखाच अ‍ॅक्सिलेटर. ब्रेक मात्र नाही. मी दाबला. बोट आधी कण्हली, मग तिने नाक उचललं आणि पाण्यावर अशी सुटली की माझ्या तोंडातून आपोआप शिटी निघाली. खाली चिखल दिसत होता, इतकं कमी पाणी, आणि आम्ही त्यावरून पळत होतो.

तेवढ्यात समोर फणसाचा बुंधा आला.

वीस वर्षं जे केलं तेच मी केलं. पाय उचलला, स्टेअरिंग डावीकडे पूर्ण मारलं, आणि उजवा पाय ब्रेक शोधायला लागला. बोट वळलीच नाही. स्टेअरिंग हातात नुसतं गरगर फिरलं आणि ती सरळ, गुपचूप, बुंध्याकडे जात राहिली. ज्ञानूने बांबू रोवला म्हणून नाक वाचलं. कुशीला खर्रकन घासलं आणि आम्ही चिखलात बसलो.

 स्टेअरिंगच्या वायरीत दोष आहे, ऐन वेळी दगा देते, हिच्यात माणूस बसवायचा म्हणजे जिवाशी खेळ, असं मी धडाधड बोलत सुटलो. आणि खोटं नव्हतो बोलत, मला मनापासून तसंच वाटत होतं. मग श्वास घेतला आणि म्हणालो, “आबा, झालं. करार झाला तुमचा. दुपारची गाडी आहे. चला.”

 वाकून आबांनी सीटखालची ती कापडी पिशवी बाहेर ओढली आणि मांडीवर घेतली. तेव्हा मला कळलं ती कसली होती. दोन धोतरं, टॉवेल, गोळ्यांची पाकिटं. बोट हरली तर परत घरी जायची वेळ येऊ नये म्हणून ते सामान बांधूनच निघाले होते. ज्ञानू तोंड फिरवून पाण्याकडे बघायला लागला. 

जरा वेळाने आबांनी पिशवी बाजूला ठेवली आणि चिखलात उतरून मागे गेले.

“चाक फिरव,” ते म्हणाले.

मी फिरवलं.

“आता दुसरीकडं.”

तेही फिरवलं.

“तोटी तर वळती. सर्जा, झाड दिसलं तवा पाय कुठं व्हता तुझा?”

“कुठं म्हणजे? काढला. समोर झाड असताना कोण दाबतं?”

“मग वळवंल कोण तिला? पानी फेकायचं तूच बंद केलंस.” ते वर चढले आणि माझ्यासमोर उभे राहिले. “भरली गाडी हाय ही. चालती ठिवूनच वळवायची. सरक.”

“तुम्ही? आबा, तुमच्या हातात कधी स्टेअरिंग तरी आलंय का?”

“स्टेअरिंग न्हाय,” आबा म्हणाले. “गाडी चाळीस वर्सं व्हती.”

मी सरकलो. का सरकलो ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्या पिशवीमुळे.

मी आणि ज्ञानूने उतरून बोट गुडघाभर पाण्यात ढकलली. आबांनी धोतराचा काचा मारला, अनवाणी पाय अ‍ॅक्सिलेटरवर ठेवला आणि हळूहळू दाबला. बोट उचलली. पण ते सरळ लाँचच्या दिशेने निघालेच नाहीत, उजवीकडे वळले, जिथे पाणी आणखी उथळ होतं. ज्ञानू ओरडला, की आबा, इकडं वीतभरच पाणी हाय.

“वीतभर बास हाय. ही गाडीवाट हाय आपल्या जुन्या गावाची,” आबा म्हणाले. “बैलगाडीच्या वाटंवर झाड कसं आसंल?”

धरणाचं पाणी येऊन जुनं गाव बुडालं तेव्हा आबा सोळा वर्षांचे होते. मला ते जुनं गाव फक्त ऐकून माहीत, आणि खरं सांगतो, कंटाळा येईपर्यंत ऐकून. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यातून गेलो. दोन्ही बाजूंना बुंधे वर आलेले, मध्ये बरोबर एका गाडीपुरता मोकळा पट्टा. आबा पुटपुटत होते, हितं तालीम, हितं शेलारांचा गोठा, आता वढा येतोय. वळण आलं की मी बाकड्यावर बसल्या बसल्या उजवा पाय तळावर दाबायचो, ब्रेक असल्यासारखा. आणि प्रत्येक वळणावर आबांचा पाय उलट आणखी खाली जायचा. बोट मागून पाण्याचा फवारा फेकत वळायची आणि पुढे जायची. पाच-सहा वळणं असतील. कुठे नुसतं खरचटलंही नाही.

मग खोल पाणी लागलं, लाँचही मागे पडली, आणि पलीकडचा धक्का समोर आला. ज्ञानूने दोर फेकला. आबांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. डोळ्यांत पाणी होतं. फवाऱ्याचंही असेल. माझ्या डोळ्यातलं फवाऱ्याचं नव्हतं.

किती वाजले, त्यांनी विचारलं. साडेदहा. घरातून दवाखान्यापर्यंत किती लागेल याचा हिशोब दोघांनीही मनातल्या मनात केला असणार, पण तोंडाने कुणी काढला नाही. धक्क्यावरच्या टपरीवर भजी खाल्ली, चहा घेतला. आबांनी मंदासाठी करवंदांचा द्रोण घेतला. गावाकडच्या जागेचं, पिल्लांचं, ज्ञानूच्या पोरीच्या लग्नाचं बोलत राहिलो. दीड वाजता ते उठले, पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून मला दाखवलं, म्हणाले, दुपारची घेतली बघ. मग पिशवी काखेला मारून बोटीकडे चालायला लागले. मी पाया पडलो. ते म्हणाले, नीट जा, आणि त्यांनी माझ्या उजव्या गुडघ्यावर हलकेच थाप मारली. म्हणजे बाकड्यावर बसून मी ब्रेक दाबत होतो ते त्यांनी बघितलं होतं.

पुढे सहा उन्हाळे आबांनी ती बोट चालवली. त्या सहा वर्षांत करंबमुऱ्यातून कुणालाही झोळीत घालून चिखलातून न्यावं लागलं नाही. दोन बाळंतिणी नेल्या, साप चावलेला एक गडी नेला, एकदा स्वतःलाच नेलं, गोळी जिभेखाली धरून, आणि संध्याकाळी स्वतःच परतही आले. मला ते महिन्याने कळलं. सातव्या वर्षी थंडीत ते गेले, घरीच, झोपेत.

पण त्या दिवशी मी एसटीत खिडकीशी बसलो होतो. शेजारची सीट मोकळी. गाडी सुटायला आली होती, आणि खिडकीतून लांबवर पाणी दिसत होतं. एक पांढरी रेघ लाँचला मागे टाकून जुन्या गाडीवाटेकडे वळत होती. कंडक्टर यादी घेऊन आला. त्याने माझं तिकीट बघितलं, मोकळ्या सीटकडे बघितलं, आणि विचारलं, “आठ नंबरचं माणूस कुठाय?”

“येणार नाहीत,” मी म्हणालो. “ते ड्यूटीवर आहेत.”